शॉटगनची ट्यूब किती लांब हवी

थ्री-गन स्पर्धेत सगळ्यात जास्त वेळ कुठे जात असेल, तर शॉटगन भरण्यात. रायफलचं मॅगझिन रिकामं झालं की खटका दाबून खाली सोडायचं आणि कमरेचं दुसरं चढवायचं. पिस्तुलाचंही तसंच. शॉटगनला, निदान मी ज्या टॅक्टिकल विभागात उतरते तिथल्या शॉटगनला, ती सोय नाही. बॅरलच्या म्हणजे नळीच्या खाली, बॅरलला समांतर अशी एक ट्यूब असते, आत लांबलचक स्प्रिंग असते आणि त्या स्प्रिंगच्या विरोधात शेल, म्हणजे शॉटगनची काडतुसं, अंगठ्याने आत सारत ट्यूब भरायची. टायमर चालूच असतो. समोरच्या, गोळीने पाडायच्या प्लेट्स उभ्याच असतात. त्यामुळे नवीन माणूस या खेळात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "तुझ्या ट्यूबमध्ये किती बसतात?"

मला हा प्रश्न अपुरा वाटतो. का वाटतो, ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे हा खेळ कुणी पाहिलेला नसतो. कोल्हापूरच्या माझ्या मामाला मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तो फोनवर म्हणाला, "म्हंजे आपल्या स्वप्नीलगत की!" त्याचं बरोबरच होतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये. तिथे रायफल एकच आणि शरीराच्या स्थिती तीन: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. थ्री-गनमध्ये बंदुकाच तीन. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन, बहुतेकदा एकाच धावेत. टायमरचा बीप वाजला की पळायचं, आडोशामागून नेम धरायचा, एक बंदूक सुरक्षित करून ठरलेल्या पिंपात ठेवायची, दुसरी उचलायची. स्वप्नीलच्या खेळात हृदयाचा ठोकाही नेमात येऊ द्यायचा नसतो. आमच्यात धापा टाकत नेम धरावा लागतो. मामाला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "आणि सुरक्षेचं काय गं?" त्याचं उत्तर पुढे देते, कारण ते याच ट्यूबशी जोडलेलं आहे.

मी ॲरिझोनात राहते. फिनिक्सच्या पूर्वेला मेसा आहे, तिथे युसरी पास रोडवर रिओ सालाडो स्पोर्ट्समन्स क्लबची रेंज आहे. मागे डोंगर, पायाखाली बारीक मुरमाड धूळ, आणि उन्हाळ्यात पारा सहज पंचेचाळीसच्या पुढे. सुपरस्टिशन माउंटन मिस्टरी थ्री-गन ही नावाजलेली स्पर्धा इथलीच. देशभरातून लोक येतात आणि आमच्या धुळीत तीन दिवस घालवून जातात. ही धूळ मुद्दाम लक्षात ठेवा, तिचंही ट्यूबशी नातं आहे.

आता ट्यूबच्या लांबीचा हिशेब. स्पर्धेत बहुतेक सगळे १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) शॉटगन वापरतात आणि शेल पावणेतीन इंची. पण हे पावणेतीन इंच म्हणजे उडवल्यानंतर तोंड पूर्ण उघडलेल्या शेलची लांबी. न उडवलेल्या शेलचं तोंड घड्या घालून दुमडलेलं असतं, त्यामुळे त्याची खरी लांबी सव्वादोन इंचांच्या थोडी वर भरते. म्हणजे एक शेल जास्त बसवायचा, तर ट्यूब तेवढी वाढणार. शिवाय शेवटी दाबलेल्या स्प्रिंगला आणि शेल पुढे ढकलणाऱ्या फॉलोअरला जागा लागते, तीही दोन-तीन इंच खाते. माझ्या शॉटगनचं बॅरल चोवीस इंची आहे. एक्स्टेन्शन, म्हणजे ट्यूब वाढवणारा जोड, बॅरलच्या तोंडाशी जुळवून घेतलं, तर ट्यूबमध्ये नऊ-दहा शेल बसतात. बारा हवे असतील तर ट्यूब बॅरलच्या पुढे चार-पाच इंच निघते. दुकानात दोन्ही मिळतात. नॉर्डिक कंपोनंट्ससारख्या कंपन्या नट वेगळा आणि ट्यूब वेगळी विकतात: नट आपल्या बंदुकीच्या आट्यांना जुळणारा आणि ट्यूब आपल्याला हव्या त्या लांबीची. त्यामुळे निवड अगदी मोकळी असते आणि बरेच जण डोळे झाकून सगळ्यात लांब ट्यूब उचलतात.

इथे एक नियम मध्ये येतो. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनच्या मल्टिगन नियमांत टॅक्टिकल विभागासाठी सुरुवातीच्या बीपला शॉटगनमध्ये नऊपेक्षा जास्त शेल चालत नाहीत. साधारणपणे ट्यूबमध्ये आठ आणि चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, एक. तुमच्या ट्यूबमध्ये बारा मावत असले तरी सुरुवात नऊनेच. म्हणजे लांब ट्यूबचा फायदा पहिल्या नऊ गोळ्यांना मिळतच नाही. तो मिळतो पुढे, धावताना भरायला लागता तेव्हा, आणि तेवढाच. हे डोक्यात बसलं की "किती बसतात" हा प्रश्न मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो: मला कुठे भरायचंय, आणि तिथे पोचेपर्यंत हात किती शेल सारू शकतात?

एक स्टेज, म्हणजे स्पर्धेतली एक धाव, घेऊन बघू. समजा शॉटगनची बावीस लक्ष्यं आहेत. पहिल्या जागेवरून सहा पोलादी प्लेट्स, मग पंधरा-वीस पावलं धाव, दुसऱ्या जागेवरून दहा लक्ष्यं, आणि पुन्हा धावून तिसऱ्या जागेवरून सहा. नऊ शेल घेऊन सुरुवात केली, सहा उडवले, तीन उरले: एक चेंबरमध्ये, दोन ट्यूबमध्ये. आता धावताना भरायचं. आठची ट्यूब असेल तर आणखी सहाच मावतील. दुसऱ्या जागी हातात नऊ आणि समोर दहा लक्ष्यं. एका शेलसाठी जागच्या जागी उभं राहून भरावं लागणार, आणि उभं राहून भरणं म्हणजे या खेळात पैसे मोजून वेळ विकत घेण्यासारखं आहे. दहाची ट्यूब असेल तर आठ मावतील. एकूण अकरा. दहा उडवले, एक हाती राहिला, म्हणजे एखादी प्लेट पहिल्या गोळीला पडली नाही तरी चालतं. बाराची असेल तर दहा मावतील, एकूण तेरा, तीन शेल जादा.

तेरा ऐकायला छान वाटतं. पण आता हातांचा हिशेब करू. आजकाल बहुतेक सगळे चार-चार शेल एका मुठीत घेऊन भरतात, त्याला क्वॉड लोड म्हणतात. शेल छातीवरच्या किंवा कमरेच्या पकडीत दोन-दोनच्या शेजारी-शेजारी रांगांत लावलेले असतात. एका झटक्यात चारही उचलायचे, बंदूक पालथी करून खांद्याशी टेकवायची, अंगठ्याने आधी एक जोडी आत सारायची, मग दुसरी. आठ शेल म्हणजे बरोबर दोन मुठी. पंधरा-वीस पावलांत दोन मुठी होतात, माझ्यासारखीच्याही होतात. बाराच्या ट्यूबमध्ये उरलेल्या त्या दोन शेलांसाठी तिसऱ्यांदा हात घालावा लागतो, आणि तोवर माणूस दुसऱ्या जागी पोचलेला असतो. मग ती जागा रिकामीच राहते. जे निष्णात आहेत, ज्यांचे हात पायांपेक्षा जलद चालतात, ते ती जागा वापरतात आणि त्यांना बाराची ट्यूब शोभतेही. मला दहाची पुरते. आठची मात्र पुरत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच असेल. शॉटगनच्या स्टेज आखणारे लोकही हे आकडे ओळखून असतात आणि नेमकी अडचण होईल अशी लक्ष्यांची संख्या ठेवतात. त्यांच्या त्या कल्पकतेचं मला फार कौतुक आहे. चांगली स्टेज चालत बघताना आखणाऱ्याशी मनातल्या मनात संवाद चालतो: तू मला इथे अडवायला बघतोयस ना, बरं, मी आधीच भरून येते.

लांबीचा दुसरा हिशेब शरीराचा. माझी उंची पाच फूट दोन इंच. बाजारातल्या बहुतेक शॉटगन माझ्यापेक्षा वीतभर उंच पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या असतात. दस्ता मी आखूड करून घेतला, पण बॅरलखालच्या वजनावर तो उपाय नव्हे. एक भरलेला शेल चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा असतो. बारा शेल म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास, तेही खांद्यापासून इतक्या लांब. विहिरीतून काढलेली भरली बादली हात लांब करून धरावी, तशी ती बंदूक पुढे झुकते. एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर वळवायला लावलेला जोर थांबवायलाही तितकाच जोर लागतो, आणि बॅरल प्लेटच्या पुढे निघून जातं. गंमत अशी की हे वजन स्थिर नसतं. एकेक शेल उडत जातो तशी स्प्रिंग उरलेल्यांना मागे, रिसीव्हरकडे म्हणजे बंदुकीच्या यंत्रणेच्या भागाकडे ढकलते. पुढचं टोक रिकामं होत जातं आणि तोल मागे सरकतो. पहिल्या गोळीची बंदूक आणि आठव्या गोळीची बंदूक हातात वेगळी लागते. लांब ट्यूबमध्ये हा फरक जास्त जाणवतो. सरावात डोळे मिटून, रिकाम्या आणि डमी शेलांनी भरलेल्या बंदुकीने आलटून पालटून वळून पाहिलं की खांद्याला तो नीट कळतो.

माझी शॉटगन बेनेली एम-टू आहे. बेनेली म्हटलं की पुण्यातल्या भाच्याला मोटरसायकल आठवते. दोन्हींचं मूळ एकच आहे. इटलीतल्या बेनेली मोटरसायकल कंपनीतूनच १९६७ मध्ये बंदुकांचा कारखाना उभा राहिला, उर्बिनो गावी. हिची यंत्रणा गॅसवर चालत नाही, बंदुकीला मागे बसणाऱ्या धक्क्याच्या जडत्वावर चालते. बंदूक मागे जाते, बोल्टचा, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याचा, जड भाग क्षणभर जागीच राहू पाहतो, मधली आखूड जाडजूड स्प्रिंग दबते आणि मग तीच बोल्ट मागे फेकते. यंत्र साधं, स्वच्छ राहणारं, म्हणून स्पर्धेत लोकप्रिय. पण याचा अर्थ असा की बंदूक जितकी जड, तितकी ती धक्क्याने कमी हलणार. पुढे पोलादी ट्यूब, तिला बॅरलशी बांधणारा क्लॅम्प, शिवाय बारा शेल, असं लादलं आणि हलका शेल वापरला, तर बोल्ट पूर्ण मागे न जाण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा बंदुकीसाठी ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची हलकी ट्यूब घेणं मला शहाणपणाचं वाटतं. गॅसवर चालणाऱ्या बंदुकांना, उदाहरणार्थ बेरेटा १३०१ किंवा मॉसबर्ग ९४० ला, वजनाचं एवढं वावडं नसतं. मॉसबर्गची जेएम प्रो मालिका तर जेरी मिक्युलेक या नामवंत स्पर्धक नेमबाजाच्या नावाची, आणि तिला कारखान्यातूनच लांब ट्यूब येते. ज्याला सुट्या भागांच्या भानगडीत पडायचं नाही, त्याच्यासाठी तो सरळ मार्ग आहे.

मला मात्र त्या भानगडीत पडायला आवडतं. आमच्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे एकत्र स्टेज खेळणाऱ्या गटात, एक आजोबा आहेत. आयुष्यभर टूलरूममध्ये लेथवर काम केलेला माणूस. माझं एक्स्टेन्शन बसवायचं होतं तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, मग मला करायला लावली, मगच ती टेबलावर ठेवली. जुनी टोपी काढताना स्प्रिंगवर हात घट्ट ठेवायला सांगितलं. ती स्प्रिंग सुटली तर छताला जाऊन लागते आणि वाटेत डोळा आला तर डोळा जातो. नट चढवायच्या आधी त्यांनी करंगळी ट्यूबच्या तोंडात घातली आणि कडेवरून गोल फिरवली. मग नवीन ट्यूबच्या तोंडावरून. मग नटाच्या आतून. "सगळं इथे असतं," ते म्हणाले, आणि माझी करंगळी तिथे टेकवली.

खरंच सगळं तिथे असतं. मूळ ट्यूब आणि एक्स्टेन्शन यांचा आतला व्यास जुळला नाही, तर सांध्यापाशी एक बारीक पायरी राहते. नखाला जेमतेम लागेल एवढी. भरताना शेल ती ओलांडून पुढे जातात, पण परत येताना फॉलोअर तिरका झाला की त्याची कड त्या पायरीला अडकते. ट्यूबमध्ये दोन-तीन शेल भरलेले, बोल्ट उघडा, आणि बंदूक रिकामी असल्यासारखी गप्प. आजोबांनी नटाच्या आतली धार बारीक एमरी कागदाने काढली, तीही किती वेळ, शांतपणे, मध्ये मध्ये उजेडाकडे धरून बघत. कानस लावली नाही. "काढलेलं परत घालता येत नाही," एवढंच बोलले. रेमिंग्टन ८७० सारख्या काही बंदुकांत तर मूळ ट्यूबलाच आतल्या बाजूला दोन उंचवटे दाबून काढलेले असतात, ते सपाट केल्याशिवाय एक्स्टेन्शन चालतच नाही. बंदुकीनुसार असे बारकावे बदलतात, आणि ते आधी विचारून घ्यावेत.

मग फॉलोअर. कारखान्यातला बहुधा आखूड प्लास्टिकचा असतो. आखूड फॉलोअर ट्यूबमध्ये तिरका होऊ शकतो, लांब फॉलोअर सरळ चालतो पण जागा खातो. ॲल्युमिनियमचे येतात, डेलरिनसारख्या गुळगुळीत प्लास्टिकचे येतात. आमच्या धुळीत मला डेलरिनचा आवडतो. मुरमाची बारीक कणी ट्यूबमध्ये शिरली तर ॲल्युमिनियमचा फॉलोअर तिला घेऊन भिंतीवर घासतो आणि कर्र असा आवाज येतो. डेलरिन तेवढ्यात अडत नाही. ट्यूबमध्ये तेल भरपूर ओतायची काहींना सवय असते. ॲरिझोनात तरी तसं करू नये. तेल धुळीला धरून ठेवतं आणि दोन स्टेजमध्ये आत लापशी होते. कोरड्या फडक्याने पुसलेली ट्यूबच इथे बरी चालते.

आणि आता मामाच्या प्रश्नाचं उत्तर. फॉलोअरचा रंग. स्पर्धेचे फॉलोअर भडक नारिंगी, लाल किंवा हिरवे असतात, आणि ती हौस नसते. स्टेज संपली की रेंज ऑफिसर बंदूक रिकामी करून दाखवायला सांगतो. रायफल-पिस्तुलाचं मॅगझिन काढून टाकता येतं, चेंबर उघडं दिसतं. शॉटगनची ट्यूब काढता येत नाही. आत फॉलोअर सांध्यापाशी अडकला असेल, तर त्याच्या मागचे शेल रिसीव्हरजवळ येणार नाहीत, चेंबर रिकामं दिसेल, आणि ट्यूबमध्ये मात्र जिवंत शेल असेल. तो पुढच्या हिसक्याने सुटून मागे येऊ शकतो. म्हणून खालच्या तोंडातून फॉलोअर डोळ्यांनी दिसला पाहिजे. तो भडक रंग दिसला, बोटाने दाबून स्प्रिंग परत वर आली, की ट्यूब रिकामी. नाही दिसला तर बंदूक भरलेली समजायची. मी हा नियम घरीही पाळते, साफसफाईला बसतानाही. ज्या देशात बंदुका इतक्या सहज मिळतात आणि ज्यांच्या बातम्या वाचून मामासारख्या माणसाला काळजी वाटते, तिथे या खेळातल्या लोकांची रिकामी बंदूक पुन्हा पुन्हा तपासायची शिस्त मला फार मोलाची वाटते. बॅरल ठरलेल्या दिशेबाहेर गेलं की स्पर्धक तिथेच बाद, मग तो कितीही मोठा असो. बंदूक हातातून पडली तरी बाद. त्यावर कुणी वाद घालत नाही. मी मामाला हेच सांगितलं, आणि फॉलोअरचा फोटो पाठवला.

स्प्रिंगबद्दल लोक घाई करतात. एक्स्टेन्शनबरोबर येणारी स्प्रिंग मुद्दाम जास्त लांब दिलेली असते, ती आपल्या ट्यूबप्रमाणे कापायची असते. जास्त लांब ठेवली तर दबून दबून तिची वेटोळी एकमेकांवर बसतात आणि दहावा शेल आत जातच नाही, अंगठा मात्र सोलवटून निघतो. जास्त कापली तर शेवटच्या शेलांना ढकलायला जोर उरत नाही आणि शेवटचे दोन हळू येतात, किंवा येतच नाहीत. ट्यूबपेक्षा वीतभर, फार तर फूटभर लांब ठेवायची, असा ढोबळ अंदाज आहे, पण खरं उत्तर बंदूकच देते. एकेक वेटोळं कापायचं, डमी शेल भरायचे, बंदूक वर, खाली, आडवी धरून सगळे बाहेर येतात का बघायचं. पूर्ण भरलेल्या ट्यूबमधून शेवटचा शेल पहिल्यासारखाच चटकन आला पाहिजे. माझ्या मते एक्स्टेन्शनची परीक्षा हीच. किती मावतात हे पाकिटावर लिहिलेलं असतं, शेवटचा कसा येतो हे नसतं.

क्लॅम्पबद्दलही मतं फार. लांब ट्यूब हवेत लोंबकळू नये म्हणून ती बॅरलला क्लॅम्पने बांधतात. छर्ऱ्यांसाठी काही फरक पडत नाही. पण थ्री-गनमध्ये शॉटगनने स्लगही मारावे लागतात, म्हणजे एकच शिशाचा गोळा, पन्नास यार्डांवर, कधी शंभरावर. क्लॅम्प फार आवळला तर तो बॅरलला किंचित ओढतो आणि स्लग जिथे जायचा तिथे जात नाही. गरम झालेलं बॅरल आणि तुलनेने थंड ट्यूब वेगवेगळ्या वाढतात, त्याने आणखी ताण. मी क्लॅम्प हलका लावते, रबराची पट्टी मध्ये ठेवून, आणि लावल्यावर स्लगचा नेम नव्याने जुळवते. दहाच्या ट्यूबला क्लॅम्प नसला तरी चालतो असं माझ्या बंदुकीवर दिसलंय. एम-टूमध्ये बॅरलही त्याच नटाने जागेवर धरलेलं असतं. नट सैल झाला तर बॅरल पुढे सरकू लागतं. म्हणून मी नटावर आणि फोरएंडवर, म्हणजे पुढच्या हाताने धरायच्या भागावर, पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढली आहे. रेघ जुळत नसेल तर स्टेजला उभं राहायच्या आधी आवळायचं.

कायद्याचा भाग रुक्ष आहे, पण टाळून चालत नाही, विशेषतः आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त शेल नकोत, हा अमेरिकेचा संघीय नियम १९३५ पासूनचा आहे. म्हणून शिकारीच्या बंदुकांत ट्यूब अडवणारा प्लग असतो, आणि एक्स्टेन्शन लावलेली बंदूक प्लगशिवाय घेऊन बदकांमागे जाता येत नाही. दुसरं, आयात केलेल्या अर्धस्वयंचलित शॉटगनचं. ९२२(आर) नावाचं कलम आहे. त्यानुसार, खेळासाठीच्या मूळ स्वरूपापलीकडे नेलेल्या अशा बंदुकीत ठरवून दिलेल्या वीस भागांच्या यादीतले दहापेक्षा जास्त भाग परदेशी असता कामा नयेत. लांब ट्यूब लावली की इटलीहून आलेली बेनेली या हिशेबात येते. फॉलोअर त्या यादीत आहे. त्यामुळे अमेरिकेत बनलेला फॉलोअर घेतला की एक भाग कमी होतो. हा साधा प्लास्टिकचा तुकडा किती कामं करतो बघा.

तिसरं, राज्याराज्यांचे कायदे वेगळे. शेजारच्या कोलोरॅडोत २०१३ च्या कायद्याने मोठ्या मॅगझिनवर बंदी आली आणि त्यात शॉटगनच्या ट्यूबची मर्यादा शेलांच्या संख्येत नाही, इंचांत घातली आहे: एक्स्टेन्शन धरून अठ्ठावीस इंच शेल. पावणेतीन इंचांच्या हिशेबाने दहा शेल म्हणजे साडेसत्तावीस इंच. बारा म्हणजे तेहतीस. कोलोरॅडोत स्पर्धेला जायचं असेल तर हे आधी बघावं लागतं. माझी दहाची ट्यूब मी शरीराच्या आणि धावेच्या हिशेबाने निवडली होती. ती या हिशेबातही बसली याचा मला मनापासून आनंद झाला.

अलीकडे आमच्या स्क्वॉडमध्ये एक नवीन मुलगी आली आहे. हैदराबादची, माझ्याहूनही बुटकी, आणि हात विलक्षण चपळ. तिने तोच प्रश्न विचारला, किती लांब घेऊ. मी तिला उत्तर दिलं नाही, माझी बंदूक दिली आणि डमी शेल दिले. पंधरा पावलं पळत किती भरता येतात ते आधी मोज, असं सांगितलं. सहा भरून झाले. पुढच्या आठवड्यात आठ व्हायला लागले, एकही शेल खाली न पाडता. तिला मी दहाचीच ट्यूब सुचवली आहे, ॲल्युमिनियमची, क्लॅम्पशिवाय, आणि फॉलोअर नारिंगी. नट तिच्या बंदुकीला जुळणारा आहे का, ते आजोबा शनिवारी बघणार आहेत.